आठव्या मैलाचा हौद

मेलेलं हरिण रस्त्यावरून ओढायचं असेल तर शिंगं धरू नयेत. शिंगं धरली की मान वळते आणि डोळे आपल्याकडे येतात. मागचे दोन पाय धरावेत, आपण समोर बघत चालावं आणि नालीपलीकडे नेऊन सोडावं. रोह्यासारखं घोड्याएवढं जनावर असेल तर चार माणसं आणि दोर लागतो. ससा असेल तर काहीच लागत नाही, कारण आपण पोचेपर्यंत तो कोणाच्या तरी घरी शिजलेला असतो.

दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमती लिहून द्या, असा संपादकांचा निरोप आला. गमती आहेत, एक-दोन सांगतो. पण कागद पुढं घेतला की मला आधी हे ओढणंच आठवतं, त्याला माझा इलाज नाही. ज्यांना फराळाबरोबर हलकंफुलकं काही वाचायचं असेल त्यांनी पान उलटलं तरी मी रागावणार नाही.

मी रस्त्यावरचा मुकादम. मेहकरहून जानेफळमार्गे खामगावकडे जाणाऱ्या रस्त्याचे बारा मैल माझ्या ताब्यात होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. हुकूम नागपूरहून निघायचा, बुलढाण्याला मुक्काम करायचा, मेहकरला विसावा घ्यायचा आणि माझ्या हातात पडायचा तेव्हा ज्या कामाचा हुकूम त्या कामाचा मोसम उलटून गेलेला असायचा. आम्ही 'होय साहेब' म्हणायचो आणि मोसमाप्रमाणे काम करायचो. माझे वडीलही याच रस्त्यावर बेलदार होते. त्यांच्या वेळी रस्त्यावर मरायचे ते थकलेले बैल. माझ्या वेळी मोटारी आल्या.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रस्ता एकदा केला की झाला. तसं नाही. तेव्हाचा आमचा रस्ता म्हणजे खाली दगड, वर गिट्टी, त्यावर मुरूम. पावसाळ्यात मुरूम वाहून जाणार, गिट्टी उघडी पडणार, आणि कापसाच्या गाड्यांची लोखंडी धाव त्या गिट्टीचा भुगा करणार. मग उन्हाळ्यात आम्ही नवी गिट्टी पसरायची, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा. पाण्याशिवाय गिट्टी बसत नाही. म्हणून कामाच्या जागी रस्त्यालगत एक हौद खणायचा, आतून चुन्याचा गिलावा करायचा आणि जवळच्या विहिरीवरून टाकीच्या बैलगाडीनं तो भरायचा. काम संपलं की हौद बुजवायचा. असा नियम होता आणि तो नियम का होता हे मला फार उशिरा कळलं.

रस्ता मोकळा ठेवणं हेही आमचंच काम. गावात जनावर मेलं तर ते कोणी ओढायचं हे गावानं पिढ्यान्‌पिढ्या एका वस्तीवर लादून ठेवलेलं होतं. त्या वस्तीनं ते काम नाकारायला सुरुवात केली होती आणि बरोबरच केलं होतं. पण रस्त्यावर मेलेलं जनावर ना गावाचं, ना धन्याचं, ते गँगचं. आमच्या गँगमध्ये चार जातींची पाच माणसं. ती सगळीच मेलेली जनावरं ओढतात म्हटल्यावर गावानं पाचांनाही एकाच मापानं मोजलं. जानेफळच्या हॉटेलात आम्हांला चहा बाहेरच्या बाकावर मिळायचा. एकजूट व्हावी तर अशी.

आता गंमत. एकदा सकाळच्या मोटारीखाली एक वांदर सापडलं. आम्ही पोचलो तर निम्मं गाव आधीच जमलेलं. तिरडी बांधली, गुलाल उधळला, भजनी मंडळ टाळ घेऊन आलं. मोटारीच्या डायव्हरला खाली उतरवून प्रेताच्या पाया पडायला लावलं आणि तोही बिचारा डोळे पुसत पडला. तेराव्याला पंगत झाली, ओटा बांधला, शेंदूर लागला. त्याच दिवशी, त्याच मोटारीखाली, दोन फर्लांग मागं लहान कोल्ह्यासारखी एक खोकड सापडली होती. पिलांना पाजणारी होती, अंगावर दूध दिसत होतं. तिच्याकडं कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मी आणि किसनानं तिला खड्डा खणून पुरलं आणि पिलांची बिळं शोधत दुपारपर्यंत फिरलो. सापडली नाहीत.

किसना म्हणजे आमच्या गँगमधला सगळ्यांत जुना माणूस. वडिलांच्या बरोबरीनं रुळाला खांदा लावलेला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कोणत्या मैलाचा मुरूम कधी वाहून जाईल हे तो आभाळ न बघता सांगायचा. मी त्याचा मुकादम होतो हे कागदावर खरं होतं.

दुसरी गोष्ट गंमत नाही, पण सांगितली पाहिजे. एका रोह्याचे मागचे दोन्ही पाय लॉरीखाली मोडले. मोठं धूड ते, पुढच्या पायांवर उठायचं आणि बसायचं, उठायचं आणि बसायचं. नालीत तीन दिवस होतं. मी जवळच्या गावच्या पाटलांकडे गेलो. त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती. हेच पाटील दर हिवाळ्यात रोह्यांच्या नावानं शिव्या देत तुरीच्या वावरात जागली करायचे. मी म्हणालो, एक गोळी घाला, त्याचे हाल बघवत नाहीत. पाटील सुपारी कातरत म्हणाले, "रोही असता तं आत्ता घातली असती, मुकादम. पन सायेब लोक त्याले नीलगाय म्हन्तात. गाय आली ना त्यात. मले नका लावू त्या पापाले." चौथ्या दिवशी सकाळी ते मेलेलं सापडलं. वावरात उभं असताना ते रोही होतं आणि मरायला टेकलं तेव्हा गाय झालं. मी पाटलांवर मनातल्या मनात फार चिडलो होतो. आज त्यांच्यावर चिडायचा मला काही अधिकार नाही.

आठव्या मैलावर रस्ता एका उतारावरून खाली येतो आणि वळतो. डाव्या हाताला गावांची गायरानं, सलग माळ. उजव्या हाताला वावरं आणि एक विहीर. त्या माळावर हरणांचा कळप होता. चाळीसएक असतील. त्यात एक काळवीट असा की पाठ काळीभोर, पोट पांढरं, शिंगांना चांगले चार पीळ. सकाळी कामावर जाताना तो कळप दिसला की किसना डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधायचा. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही. मीही दिसला की बरं वाटून पुढं जायचो. इतकाच आमचा आणि त्यांचा संबंध होता आणि तो तितकाच राहायला हवा होता.

दुसरी मोठी लढाई संपली त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात आम्ही आठव्या मैलावर गिट्टी टाकली. विहीर उजवीकडे, म्हणून हौदही उजवीकडे खणला. त्या साली माळावरची डबकी होळीलाच आटली होती. काम संपत आलं तेव्हा एका सकाळी बघतो तर हौदाच्या काठावरच्या चिखलात खुरांचे ठसे. दुसऱ्या दिवशी आम्ही लवकर गेलो आणि लांब बसलो. आधी एक म्हातारी हरिणी आली, तिनं पाणी हुंगलं, मग एकामागून एक सगळी आली. काळवीट शेवटपर्यंत रस्त्यावर उभा होता. सगळ्यांचं झाल्यावर तो प्यायला.

चार दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्यानं भरलेलं मडकं देतात. वडील जाऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं. मी घरी मडकं दिलंच, पण मनात आलं, त्यांचा सगळा जन्म रस्त्यावर गेला, त्यांच्या नावानं पाणी रस्त्यावरच द्यावं. हौद बुजवायचा सोडून मी तो काठोकाठ भरून घेतला आणि पाऊस पडेपर्यंत भरत राहायचं असा नेम धरला. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मामंजींना आवडलं असतं. टाकीची गाडी, बैल, सगळं सरकारी, आणि पुण्य माझ्या वडिलांना. साधलं म्हणून मी खूश होतो. त्या उन्हाळ्याइतका मी स्वतःवर पुन्हा कधीच खूश झालो नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यातही हौद भरला. मोटारी आता वाढल्या होत्या. खामगावच्या स्टेशनाकडे सरकी आणि कापसाच्या गठाणी नेणाऱ्या लॉऱ्या सकाळी उजाडता निघायच्या आणि हरणांची पाणी प्यायची वेळ तीच. हरणांची एक रीत आहे. एकानं रस्ता ओलांडला की सगळी ओलांडणार. मागचं हरिण मोटार बघत नाही, पुढचं हरिण बघतं. डायव्हर भला असला तर पहिल्या चार हरणांसाठी थांबतो, गेली वाटलं की गाडी सोडतो आणि नेमकी तेव्हा मागं राहिलेली उडी घेतात. चैत्रात दोन गेली. मग एक. मग आठवडाभरात तीन. आम्ही ओढून टाकत होतो आणि लॉरीवाल्यांना शिव्या घालत होतो. मी वळणावर चुन्यानं रंगवलेले दगड ठेवले. मेहकरच्या अड्ड्यावर जाऊन डायव्हरांना विनवलं, आठव्या मैलावर हळू चला. ते हो म्हणाले. पण भरल्या लॉरीला त्या उतारावर कुठला आवर.

एका सकाळी एक पाडस ओढून झालं आणि आम्ही हौदावर हात धुवायला गेलो. किसना हात न धुता तसाच उभा राहिला. म्हणाला, "मुकादम, एक बोलू? आपनच बलावून राह्यलो त्याईले."

मी विचारलं, कोणाला?

"हरनाईले. हौद अलीकडं, माळ पलीकडं. रोज येक डाव येनं, येक डाव जानं. आपन पानी नाई पाजून राह्यलो, रस्ता वलांडाले लावून राह्यलो."

मी हातातलं पाणी टाकून दिलं. बाराही मैलांत मिळून वर्षाला जेवढी हरणं मरायची तेवढी त्या एका मैलात महिन्यात मेली होती आणि हे मला दिसत नव्हतं, कारण वडिलांच्या नावानं भरलेल्या हौदानं कोणी मरेल हे माझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं. घरी गेलो. बायकोनं ताट वाढलं, मी जेवलो नाही.

मग हौद पलीकडं न्यायचा ठरवला. माळात दोन फर्लांग आत आम्ही सुट्टीच्या दिवशी खणायला लागलो. वीतभर मुरूम आणि खाली कातळ. पहारीनं जेमतेम गुडघाभर खड्डा झाला. गिलावा केला, भरला. हरणांना तो सापडायला आठ दिवस लागले. बंदुकवाल्यांना चारच लागले. रस्त्यावरच्या हौदावर लोकांची ये-जा असते, म्हणून तिथं कोणी बंदूक घेऊन बसत नव्हतं. माळातल्या हौदाजवळ दगड रचून कोणीतरी आडोसा केला आणि आम्हांला तिथं काडतुसांची टरफलं सापडली. रक्त पडलेलं होतं आणि फरफटत नेल्याची खूण होती. तो खड्डा आम्ही स्वतःच्या हातांनी फोडला. रस्त्यालगतचा हौद मात्र पहिल्यासारखा भरत राहिलो.

अशात ओव्हरसीअर साहेब आले. त्यांनी रस्त्यालगतचा हौद पाहिला आणि विचारलं, काम संपून वर्ष झालं, हा अजून कसा? त्यांनी लेखी हुकूम दिला की आठवड्याच्या आत बुजवावा. तो कागद हातात आला तेव्हा मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं. नेम मी मोडत नव्हतो, साहेब मोडत होते. आणि हौदच नसला तर हरणं रस्त्यावर येणार नाहीत, मरणार नाहीत, हे सरळच दिसत होतं.

किसना म्हणाला, "आता नका बुजवू. पानी पडू द्या, मंग बुजवू. त्याईले सवय लागली."

वैशाख अर्धा झाला होता, पावसाला महिना-सव्वा महिना होता. मी त्याला कागद दाखवला. तो म्हणाला, "कागद येतेत आन् पडून राह्यतेत. हा बी राहू द्या."

त्याचं खरं होतं. जन्मभर मी हुकूम दोन-दोन महिने उशाला ठेवले होते आणि कोणी विचारलं नव्हतं. नेमका हाच मी वेळेत पाळला. दोन गाड्या मुरूम टाकला, धुम्मसनं ठोकला, वरून पाणी मारलं. किसनानं धुम्मसला हात लावला नाही. लांब उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातव्या मैलावर असताना जानेफळकडून एक सायकलवाला हाका मारत आला. मी आणि किसना पळत गेलो. उताराच्या तळाशी सरकीची लॉरी आडवी उभी होती. बाबूराव नावाचा खामगावचा डायव्हर, माझ्या ओळखीचा, सावकाश चालवणारा, खाली बसून होता. रस्त्यावर नऊ हरणं पडली होती. काळवीट त्यांत होता.

बाबूराव माझ्याकडे न बघता सांगत होता, "उभेच राह्यले हो, मुकादम. हारन मारला, बोंबललो, तरी हालले नाईत. रोज तं पळतेत. आज काऊन उभे होते?"

मला माहीत होतं का उभे होते. रोज ती येत, पीत आणि जात. आज आली तर पाणी नव्हतं, पण मी मुरुमावर मारलेल्या पाण्याचा ओला वास होता. त्या वासाशी ती थांबली. काही जणींच्या तोंडाला ओला मुरूम लागलेला होता.

एक हरिणी जिवंत होती. कंबर मोडलेली. पुढच्या पायांनी ती बुजवलेल्या जागेकडे सरकत होती. किसनानं आपल्या लोट्यातलं पाणी तिच्या तोंडाशी धरलं, पण ती माणसाला घाबरून मान फिरवत होती. पाणी तोंडाशी असून ती प्याली नाही. कोणाला बोलवावं? पाटलांची बंदूक मला माहीत होती. गिट्टी फोडायचा घण वळणावरच्या गिट्टीच्या ढिगाशी होता. मी तो आणला. किसनानं तोंड फिरवलं. एकाच घावात व्हायला हवं होतं. झालं नाही. दोन लागले.

नऊ आणि ती एक, दहा. मी सगळ्यांचे मागचे पाय धरून ओढले. किसनानं मदत केली. आजूबाजूच्या वावरांतून लोक जमले होते आणि वाटण्यांवरून आपसात भांडत होते. मी त्यांना हटकलं नाही.

उरलेला कळप पाण्याच्या शोधात नदीकडं उतरला. तिकडं वस्ती, कुत्री, बंदुका. पाऊस पडला तेव्हा आम्ही माळावर वाट पाहिली. गवत चांगलं झालं होतं. कळप आषाढात परतला नाही, श्रावणात नाही. किसना कामावर येताना फडकं आता घरूनच घट्ट बांधून यायचा.

पुढच्या हिवाळ्यात मोठे इंजिनियर साहेब पाहणीला आले. नवे होते, भले होते, घोड्यावरून उतरून त्यांनी सगळे मैल पायी पाहिले. आठव्या मैलावर ते थांबले. वळण स्वच्छ, नाली मोकळी, मुरूम बसलेला. त्यांनी पाहणीच्या वहीत काहीतरी इंग्रजीत लिहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून पुढं गेले. मागं राहिलेल्या कारकुनाला मी मतलब विचारला. तो म्हणाला, साहेबांनी लिहिलंय की या मैलावर पूर्वी रानटी जनावरांमुळे अपघात होत, मुकादमानं योग्य बंदोबस्त केल्यामुळे आता एकही होत नाही.

किसना गिट्टीच्या चट्ट्यावर बसून होता. त्यानं विचारलं, काय लिव्हलं? मी सांगितलं. त्यानं ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"मंग तुमी काऊन नाई सांगतलं त्याईले," तो म्हणाला, "की मराले आता कोनी राह्यलंच नाई म्हून?"

मी म्हणालो, त्यांनी विचारलं नाही. नवव्या मैलाचे खड्डे भरायचे होते, ते आम्ही भरले.

त्याच शेऱ्यावर दोन वर्षांनी मला बढती देऊन मिस्त्री केलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या नावापुढं सरकारनं लिहिलेली चांगली ओळ तेवढी एकच आहे. ती खोटी आहे, हे मी साहेबांना सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही, आणि वडिलांच्या नावानं पाणी देताना त्यांनाही आजवर सांगितलेलं नाही.